चिंचोके

दर गुरुवारी, साडेसात ते नऊ,
अशोकस्तंभाजवळ सायकलच्या दुकानावरच्या खोलीत
आम्ही नऊ-दहा जण बोलायला जमतो.
खाली पंक्चर काढतात. वर आम्ही.

एका डब्यात चिठ्ठ्या.
दुसरा डबा रिकामा, तो बोरस्ते काकांचा.
काका नोटांच्या छापखान्यातून निवृत्त,
उभी हयात मोजण्यात गेली.
आता आमचे 'अं' मोजतात, 'म्हणजे' मोजतात,
'म्हणजे कसं आहे ना' याचे दोन धरतात.
दर चुकीला एक चिंचोका, स्टीलच्या डब्यात.
टण्ण.

पहिल्या दिवशी मला चिठ्ठी आली: छत्री.
बोलायला दोन मिनिटं, विचाराला शून्य.
छत्रीबद्दल कुणाला काय माहीत नसतं?
मी उभी राहिले
आणि जगातल्या सगळ्या छत्र्या मिटल्या.
"छत्री म्हणजे..." टण्ण.
"म्हणजे आपण जेव्हा, अं..." टण्ण, टण्ण.
जीभ टाळूला चिकटलेली,
गुडघे मात्र घडाघडा बोलत होते.
चाळीस सेकंदांत सत्तावीस चिंचोके.
काका म्हणाले, "छान. खातं उघडलं."

त्या रात्री सीबीएसवर चुकीच्या बसमध्ये चढले.
राहते सिडकोत, बस निमाणीची.
कंडक्टरला सांगायचा धीर झाला नाही,
निमाणीचंच तिकीट काढलं,
आणि खिडकीतून गोदेवरचे दिवे बघत
उलट्या दिशेला गेले, मुकाट.

मग दात. मग शेजाऱ्याची मोटारसायकल.
मग हरवलेली किल्ली, आणि एकदा नुसतंच 'पण'.
सत्तावीसचे बावीस झाले, बावीसचे पुन्हा पंचवीस.
मध्ये तीन गुरुवार मी गेलेच नाही,
डोकं दुखतं म्हणून सांगितलं, ते खोटं होतं.

इद्रिसचं भद्रकालीत बांगड्यांचं दुकान.
गिऱ्हाइकाशी तासभर बोलेल,
इथे उभा राहिला की कानापर्यंत पांढरा.
एकदा त्याला चिठ्ठी आली: काच.
तो स्वतःच्या तळहाताकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "हात ओला केला की बांगडी चढते.
घाई केली की फुटते, आणि रक्त गिऱ्हाइकाचं निघतं."
एवढंच. पुढचा दीड मिनिट गप्प.
डबा वाजला नाही.
त्या शांततेत मला पहिल्यांदा कळलं
की रिकामी जागा बोलणाऱ्यालाच टोचते,
ऐकणारा तिथे निवांत टेकून बसतो.

सातपूरला माझं काम मापाचं.
व्हर्निअर, मायक्रोमीटर, केसाच्या जाडीचे हिशोब.
सोमवारी तीनशे शाफ्ट परत आले,
मीटिंगला सगळा विभाग उभा,
आणि चांदोरकर साहेबांनी विचारलं, "चेकिंगला कोण होतं?"

अकरा वर्षं एकच भाषण तोंडपाठ होतं मला:
सॉरी सर.
तेही ओठापर्यंत आलं होतं.

"मी होते," म्हणाले.
थांबले.
पंखा ऐकू आला. कुणाची तरी चप्पल ऐकू आली.
"तो माल मी नापास केला होता. लाल चिठ्ठी लावली होती.
म्हणजे... ती रात्रपाळीत निघाली.
म्हणजे कुणी काढली ते मला माहीत नाही.
रजिस्टरमध्ये माझी मापं आहेत, वेळेसकट."
'रजिस्टर' म्हणताना आवाज चिरकला.
गुडघे? ते आपलं बोलतच होते,
त्यांना अजून कुणी शिकवलेलं नाही.

साहेब म्हणाले, "बघतो."
टाळ्या नाहीत, काही नाही.
मग चहा आला, त्यात साखर कमी होती.

गुरुवारी लवकर पोचले.
खोलीत फक्त काका, चष्मा पुसत.
मी बरणीतून मोजून दोन चिंचोके काढले,
थोडा विचार करून आणखी एक, त्या चिरकलेल्या आवाजाचा,
आणि त्यांच्या डब्यात टाकले.
टण्ण. टण्ण. टण्ण.

"हे कधीचे?"
"सोमवारचे. बाहेरचे."

काकांनी चष्मा लावला,
वहीत माझं पान काढलं,
आणि काही न विचारता
चिरकलेला एक परत केला.
"आवाजाचा धरत नाही," म्हणाले.
"चिठ्ठी उचल."