मोजणी

हॅलिफॅक्सच्या आमच्या उतारावर
मोर्चा म्हणजे अकरा बायका, तीन बाबागाड्या
आणि डोरीनचा लंगडा कुत्रा.
पोलीस एकच. सायकलवरून उतरून म्हणाला,
बाकीचे कधी येणार?
शाझिया म्हणाली, आलोत तेवढेच आहोत.

मागणीही एवढीशीच: वळणावर झेब्रा क्रॉसिंग.
ऑक्टोबरात दानूताच्या ओलेकला तिथंच गाडीनं उडवलं,
दप्तर पलीकडे पोचलं, पोरगं नाही.

कौन्सिलमध्ये आधी जोडे झिजवले.
उत्तर आलं: सदर जागी रस्ता ओलांडणारे पुरेसे लोक नाहीत.
खरंच होतं.
जीव मुठीत धरून कोण ओलांडणार?
आणि कोणी ओलांडत नाही तर पट्टे कशाला?

मग जोडे रस्त्यावरच झिजवायचे ठरलं.
दर गुरुवारी, शाळा सुटायच्या आधी.
माझा फलक कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा,
पावसात शाई उतरून हाताला लागायची,
रात्रपाळीत एक्स-रे काढताना
पेशंट विचारायचे, हे निळं काय?
डोरीन ओरडायची, काय हवं?
मी ओरडायचे, झेब्रा!
आणि बाबागाडीतली पोरं खिदळायची.

सहाव्या गुरुवारी ओलेक आला, कुबड्यांवर.
सगळा मोर्चा त्याच्या चालीनं चालू लागला,
मागे गाड्यांची रांग थेट गिरणीपर्यंत.
एकानेही हॉर्न वाजवला नाही. एकाने वाजवला. बस, एकानेच.

फेब्रुवारीत कोपऱ्यावर पिवळ्या कोटातला माणूस,
हातात टकटक वाजणारं यंत्र.
आमच्यावर पाळत, आम्ही म्हटलं,
आणि चिडून आणखी चार फेऱ्या मारल्या,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
टक. टक. टक.

मे महिन्यात पत्र:
सर्वेक्षणात पादचाऱ्यांची संख्या
निकषाहून अधिक आढळली आहे.
मोर्चाचा उल्लेख नाही.
दानूता हसता हसता रडली.
डोरीनला राग आला: आपला एक शब्द ऐकला नाही मेल्यांनी!
मला त्या पिवळ्या कोटाची आठवण झाली.
त्यानं घोषणा नाही लिहून घेतली,
पाय लिहून घेतले. कुत्रा धरला का, कोण जाणे.

आता पट्टे आहेत. नवी बिऱ्हाडं समजतात,
ते पहिल्यापासूनच होते.
रात्रपाळीहून येताना रस्ता मोकळा असतो,
माझं घर याच बाजूला,
तरी एकदा पलीकडे जाते,
आणि परत येते.