हलका धातू

बाहेर उणे सत्तावीस. काचेला आतून बर्फाचं शेवाळ.
आणि टेबलाखाली चौऱ्याऐंशी अंशांवर
माझं ग्राफिक्स कार्ड होरपळतंय.
दोन्ही आकडे एकाच खोलीत, तीन हातांच्या अंतरावर,
एकमेकांना ओळख न देणारे.

मी पगारावर उन्हाचा हिशोब करते.
अजून न बांधलेल्या इस्पितळात
जूनचं ऊन फरशीवर कसं सांडेल
ते आर्किटेक्टला डिसेंबरात दाखवायचं असतं.
एका चित्राला अकरा तास.
पंखे असे घुमतात की शेजारच्या कैसूबाईंनी
जिन्यात विचारलं, नवा व्हॅक्युम घेतलास?

म्हणून वॉटर ब्लॉक. पण कुठला?
पारदर्शक ॲक्रिलिकचा, आतलं पाणी दाखवणारा?
की काळा, मुका, जाड?
निकेलचा मुलामा, की उघडं तांबं?
घोडं भलतीकडेच अडलं :
माझं कार्ड दुसऱ्या आवृत्तीचं,
एक कपॅसिटर किंचित सरकलेला,
किंचित उंच,
आणि प्रत्येक यादीत त्याच्या नावापुढे चांदणी.

शेवटी बाबाला फोन केला.
एक्केचाळीस वर्षं ओउलूच्या जमिनीखाली
गरम पाण्याचे नळ जोडणारा आर्मास.
लोकरी मोज्यात गुंडाळून व्हर्नियर घेऊन आला.
लगेच मापलं नाही. "गार लोखंड खोटं बोलतं,"
म्हणून व्हर्नियर टेबलावर, आणि आम्ही दोघं
अर्धा तास कॉफीसमोर, ते खोलीत रुळेपर्यंत.

मग मापलं. कागदावर आकडा लिहिला. दोनदा.
"रेडिएटर कशाचा?"
ॲल्युमिनियमचा, म्हटलं. स्वस्तात मिळाला.
त्याने कप खाली ठेवला.
"तांब्याच्या शेजारी ॲल्युमिनियम बसवलंस
की पाणी मध्ये राहून लावालावी करतं.
कुणीतरी एक झिजतं.
दर वेळी हलकंच झिजतं."
लेम्पीचं नाव त्याने घेतलं नाही.
मीही आईचा विषय काढला नाही.

रेडिएटर परत पाठवला. तांब्याचा आणला, दुप्पट दाम.
ब्लॉकबद्दल तो म्हणाला, काळाच घे.
पाणी कशाला दिसायला हवं?
मी इतकी वर्षं हाताने ओळखलं,
डोळ्यांनी एकदाही नाही.
मी पारदर्शक मागवला.

रविवारी जोडला. एक दिवस टिश्यूपेपर पसरून
गळतीची वाट पाहिली. गळलं नाही.
पंप सुरू केला तेव्हा बाबा अंगात कोट तसाच ठेवून
गुडघ्यांवर बसला,
आणि त्या बोटभर रुंद खाचांतून
पाणी पळताना बघत राहिला.
मी तापमान सांगणार होते. सांगितलं नाही.

कोपऱ्यात एक बुडबुडा अडकला होता.
टिचकी मारली, डबा कलवला, तो हलेना.
"राहू दे. उद्या निघेल," म्हणाला,
आणि व्हर्नियर टेबलावरच ठेवून गेला.