डावं-उजवं

एकतीस वर्षं मी केईएमच्या तळमजल्यावर
लोकांना सांगत होते: श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका.
आता हे सगळे माझ्यासमोर तसेच,
श्वास रोखून, शंभरेक वर्षं,
आणि सोडा म्हणायला कुणी नाही.

माहीमची जागा बिल्डरला दिली
तेव्हा माळ्यावर पत्र्याचा डबा सापडला.
चुलतभावाने पाठवला, वर चिठ्ठी: तुला असल्याची हौस आहे.
आत त्रेचाळीस फोटो, दोन काचेच्या प्लेटा,
मेलेल्या कसरी, एक जिवंत,
आणि खाडीकडचा तो दमटपणा
जो कागदाला आधी वाकवतो
मग एकमेकांना चिकटवतो, सख्खे असल्यासारखा.

पहिला आठवडा नुसता सोडवण्यात गेला.
ओढायचं नाही. थांबायचं.
बटर पेपर, सुती हातमोजे,
औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिकाच्या पुड्या.
मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, तेही कडेला.
कुणीतरी बॉलपेनने ‘बाबा’ लिहून ठेवलंय,
ती शाई पुढे फुटलीय, बरोबर गालावर.
आणि कुणाचे बाबा, ते लिहिलेलंच नाही.

चेहऱ्यांवर माझा विश्वास नाही.
मिशी चेहरा बदलते, देवी बदलतात,
फोटोवाल्याचा ब्रश तर सगळ्यांना गोरं करतो.
मी हाडं बघते. कान बघते.
तारखा मात्र खुर्चीने सांगितल्या:
स्टुडिओ एकच, मागे रंगवलेलं तेच तळं, तेच हंस,
खुर्चीच्या हातावर लाकडी सिंह.
या फोटोत सिंहाला नाक आहे, त्या फोटोत नाही.
म्हणजे मोरेश्वरकाका
लग्नाआधीच टकले होते.

मग हा.
चौघं बसलेली, आणि डाव्या टोकाला कात्री चाललेली,
सरळ, पट्टीने आखून.
रागाने नाही, हिशेबाने.
बाई गेली. काकणं भरलेला हात राहिला
द्वारकाकाकूच्या खांद्यावर;
तो कापायचा तर काकूलाही कापावं लागलं असतं.

भिंगाखाली धरला. करंगळी आत वाकलेली,
मधलं हाड आखूड.
माझी तशीच. दादाची तशीच.
म्हणजे सून नव्हे. राऊतांचीच.

वंशावळ आहे माझ्याकडे, सात पिढ्या, टाईप केलेली.
हिराजीला तीन मुलगे, त्यांना मिळून नऊ.
मुली पाहुण्या म्हणूनही नाहीत.
दादा आहे. मी नाही.

हॉस्पिटलने फिल्म बंद केल्या
तेव्हा एक व्ह्यू-बॉक्स मी भंगाराच्या भावाने आणला होता.
दुसरी प्लेट त्यावर लावली, ट्यूब दोनदा फडफडली,
आणि ती होती. अख्खी.
काळा चेहरा, पांढरे केस, काळे दात:
हसत होती म्हणजे.
कात्री फक्त कागदावर चालली होती.

आगाशीला मथुराकाकूला फोन केला. ब्याण्णव वर्षं,
ऐकू कमी, आठवतं जास्त.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग: कानात काय घातलंय?
रिंगा, म्हटलं. कुडी नाही.
मग सुंद्रा, म्हणाली. घरात सुंदी म्हणत.
पुढे? पुढे काय, म्हणाली,
तुझ्याकडे पाणी किती वाजता येतं?

आम्ही फिल्मवर शिशाचं अक्षर ठेवायचो,
कुठलं डावं, कुठलं उजवं.
नाहीतर चांगला पाय कापतात.

वंशावळीत हिराजीखाली चौथी रेघ ओढली.
पेन्सिलने. नाव लिहिलं, सालापुढे प्रश्नचिन्ह.
मग जरा बाजूला, लहान अक्षरात, माझंही.

काचेच्या प्लेटा आडव्या रचायच्या नसतात,
वजनाने तडकतात.
बटर पेपरात गुंडाळून, लांब कडेवर,
सुंद्रा आता माझ्या कपाटात
उभी आहे.