बोटभर उंच

चरईत माझं बाइंडिंगचं दुकान, म्हणजे जिन्याखालची जागा.
शाळांची हजेरीबुकं, वकिलांचे जाड रिपोर्टर,
आणि उपासाचे चाळीस दिवस लागायच्या आधी
प्रार्थनेची पुस्तकं, रुमालात बांधलेली,
एकदा तर जेवणाच्या डब्यातून आलेलं.

मला त्यातली एकही प्रार्थना येत नाही.
पण पुस्तक मिटून कडेने पाहिलं
की माणूस कुठे थांबायचा ते कळतं.
तिथली कड काळी असते, तेलकट, अंगठ्याएवढी.
कुणाची लग्नविधीची पानं अजून एकमेकांना चिकटलेली,
आणि मरणाऱ्याच्या उशाशी म्हणायची पानं
पार झिजून कापडासारखी.
मी विचारत नाही. खळीत मोरचूद घालतो, ढवळतो.

लुर्दिनाबाई रणपिसे दोन पुस्तकं घेऊन आल्या.
एक त्यांचं, कॅथलिक, बुटकं, पोट सुटलेलं:
आत मेलेल्यांची छापील कार्डं,
झावळीचा वाळका क्रूस, नोव्हेनाच्या पानावर मेणाचा थेंब.
दुसरं मिस्टरांचं, अँग्लिकन, सडसडीत,
बोटभर उंच.
"दोन्ही एकात शिव."

म्हटलं, बाई, मग मोठं कापावं लागेल.
लहान काही वाढवता येत नाही.
त्या म्हणाल्या, "काप की. माणूसच राहिला नाही."

रात्री पट्टी लावली, पेन्सिलने रेघ मारायला गेलो
तर समासात आधीच पेन्सिल.
त्यांच्यात स्तोत्रं महिन्याच्या तारखांना वाटलेली असतात,
सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी,
तीस दिवस झाले की पुन्हा पहिल्यापासून.
बाविसाव्या दिवसाशी, अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात:
८२, वागळेचं गेट बंद.
८३, गेट बंद.
८५, लु.ला सांगितलं नाही, डबा घेऊन निघालो.
त्याच्याखाली नुसतंच: तलावावर बसलो.
९१, लु.चा ताप उतरला.
आणि मग बरीच वर्षं एक टिंब, एक टिंब, एक टिंब.

शांतवन रणपिसे मला आठवतात, असं म्हणणार नाही.
हिशेब मात्र आठवतो:
माझी रेघ त्या सगळ्या अक्षरांच्या आतून जात होती.

सकाळी बाई आल्या, स्टुलावर बसल्या.
मी पान दाखवलं नाही. म्हटलं, कापत नाही,
कागद जुना आहे, उडेल.
आधी कुणाचं लावू?
"तो आधी उठायचा. त्याचं लाव."
मग आपणहूनच सांगत बसल्या
की लग्नात दोघांचे फादर एका मांडवात बसले नाहीत,
की रविवारी जांभळी नाक्यापर्यंत बरोबर, पुढे दोन रस्ते,
ज्याची उपासना आधी सुटे तो तलावपाळीला
शेंगा घेऊन उभा.
"त्याची नेहमी आधी सुटायची. अर्ध्या खाऊन ठेवायचा."

शिवलं. जुज जुजाला, दाभणाने,
मध्ये एक कोरा कागद, कारण दोघांची शाई वेगळी.
काळं रेक्झिन उंच मापाचं घेतलं.
शिकंज्यात पुस्तक नीट बसेना:
एका बाजूला भरलेलं, दुसरीकडे पोकळी,
तिथे पुठ्ठ्याच्या चिंध्या कोंबल्या.
माझ्या वडलांनी असलं काम दुकानाबाहेर जाऊ दिलं नसतं.

बाईंनी हातात घेतलं. चष्मा आणला नव्हता.
अंगठा वरच्या कडेवरून फिरवत नेला,
आणि जिथे एक संपून दुसरं सुरू होतं
तिथे तो खाली उतरला.
"पायरी ठेवलीस."
म्हटलं, हो. चुकलंच जरा.
"असू दे. लाइट गेले की उपयोगी पडेल."

पैसे मोजले. दहा रुपये कमी भरले.
ते बुधवारी आणून दिले, नोव्हेनाहून येताना,
पुस्तक काखेत,
वरचा कोपरा आत्ताच जरासा दुमडलेला.