धक्क्याअलीकडे

छत्तीस सालची फोर्ड. चार चाकांना चार सळया,
मधे एक आडवा दांडा, आणि पेडलवर
दोना एर्मेलिंदाचा उजवा पाय.
तेल नाही, नळी नाही. लोखंड लोखंडाला ओढतं, बास.
जेवढी मांडी तेवढा ब्रेक.

"गाडी बरी आसा रे फोंडू," ती म्हणाली,
"पांय म्हातारो जालो."
शहाऐंशीच्या बाईला घरी बसा म्हणणारा मी कोण?
पण चोडणच्या फेरीचा उतार मलाही ठाऊक आहे.
शेवटच्या वळणानंतर रस्ता संपतो
आणि लगेच नदी सुरू होते.

मयेतल्या माझ्या शेडमध्ये
गाडी अकरा दिवस ठोकळ्यांवर.
भंगारातल्या व्हॅनचा सर्व्हो आणला,
काळा, फुगीर, चुलीवरून उतरवलेल्या हंडीसारखा.
तो आधी बसवला नाही.
आधी पिना बदलल्या, भोकं लांबट झालेली भरली,
आणि एकेक चाक हाताने फिरवत
चारही सारखी अडेपर्यंत नट पिळत बसलो.
डावं पुढचं नेहमी घाई करायचं.
जोर वाढवला की खोडही वाढते.
हे मला भावांच्या वाटणीत कळलं,
कामात नंतर.

मग सळई कापली.
करवत एकदा थांबली होती, खोटं कशाला बोलू.

या हंडीत भरलंय काय, तिने विचारलं.
काही नाही, बाई. इंजिन श्वास ओढतं
तेव्हा हिच्यातली हवाही ओढून नेतं.
तुम्ही पाय ठेवलात की मागच्या बाजूने
बाहेरचा वारा शिरतो आणि ढकलतो.
कुठला वारा?
हाच. मांडवीवरचा, खारा.
ज्याने तुमचं मडगार्ड खाल्लं तोच.
"म्हणजे इतल्या वर्सांचें भाडें दिता तर,"
ती म्हणाली, आणि चावी मागितली.

पहिला ब्रेक तिने जुन्या ताकदीने मारला.
गाडी जागच्या जागी. माझं कपाळ काचेवर,
मागच्या सीटवरचे नारळ पुढे.
दुसरा हळू. तिसऱ्याला ती शीळ घालत होती.

आणि फेरीच्या उतारावर
तिचा हात आपोआप चावीकडे गेला.
नाकेबंदीच्या सालात शिकलेली बाई.
पेट्रोल थेंबाथेंबाने मिळायचं,
बापाने शिकवलेलं: उताराला इंजिन बंद.

इतकं शांत झालं की टायरखालची वाळू ऐकू आली.
तिने पेडल दाबलं. वारा आला.
सोडलं, पुन्हा दाबलं. थोडा आला.
तिसऱ्यांदा पायाखाली दगड.

मी हँडब्रेक ओढला, ती सीटवरून उठली,
स्टिअरिंगला लोंबकळून
अख्खी बाई त्या पायावर उभी राहिली,
दात आवळून, एक पोर्तुगीज शिवी देत.
पुढची चाकं शेवाळलेल्या सिमेंटवर थांबली.
फेरीवरचा पोरगा दोर हातात धरून तसाच.

"वारो खंय गेलो?"
इंजिनाबरोबर, बाई. सांगायचं राहिलं.
चूक माझी.

तिने काही म्हटलं नाही. रुमालाने मान पुसली,
पोराला तिकिटाचे पैसे काढायला सांगितले मला.

दुसऱ्या दिवशी चावीजवळ पट्टी चिकटवायला गेलो
तर ती अंगणात बसलेली, गाडीत,
इंजिन बंद, दार उघडं, पाय पेडलवर.
मोजत होती.
"एक," तिने दाबलं. "दोन."
मग पाय उचलून नीट ठेवला,
मांडीवर हात टेकला:
"तिसरो म्हजो."