कर्कटकाचं टोक

सेवान तळ्याकाठी मे महिन्यातही वारा बर्फावरूनच येतो.
वारुझानच्या अंगणात दगड आडवा पडलेला,
पुरुषभर उंचीचा, अर्धा कोरून झालेला.
मी उशाशी बसून पाणी शिंपडते, धूळ उडू नये म्हणून.
गेली दोन वर्षं माझी विद्या एवढीच.

सिरानुश आली वरच्या गावाहून, चालत.
पिशवीत लेकाचा फोटो,
फोटोखाली फडक्यात बांधलेली गाता,
गोल, जाडसर, वर काट्याने ओढलेल्या रेघा, अजून कोमट.
फोटो तिने बाहेर काढला नाही.
दगडाकडे बघत राहिली,
नव्या सुनेकडे बघावं तशी.

"क्रूस कळला," ती म्हणाली,
"पण त्याच्या बुडाशी ही पानं कशाला?
माणूस मारायचं लाकूड ते.
सुळाला कधी पालवी फुटते, वारुझान?"

त्याने छिन्नी मांडीवर पुसली.
"फुटत नाही," म्हणाला.
"म्हणून तर कोरावी लागते."

बराच वेळ कोणी बोललं नाही.
कुंपणापलीकडून मेंढ्या गेल्या,
त्यांच्या घंटा गेल्या.

"आणि हे खालचं चाक?"
"पाद्री म्हणतात, ही पृथ्वी.
स्पार्ताक मास्तर म्हणतात, सूर्य,
देवळं नव्हती तेव्हाचा,
नाव बदलून इथे राहिलेला.
बाप म्हणायचा, बी आहे."
"आणि तू?"
"मी इथे कर्कटकाचं टोक रोवतो.
ते हललं, की सगळी नक्षी लंगडते.
याहून जास्त मला कोणी विचारलेलं नाही."

तेव्हा तिने फडकं सोडलं,
वाकली, आणि गाता त्या चाकावर ठेवली.
बोटभर कमी पडली. बाकी रेघेला रेघ.
"उपासाच्या मध्यावर मी नाणं घालून भाजते," ती म्हणाली.
"परवाच्या साली नाणं त्याच्या वाट्याला आलं.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

वारुझानने गाता उचलली,
तीन तुकडे केले, मोठा तिला दिला.
आम्ही खाल्लं. दाताखाली दगडाची धूळ आली,
मी थुंकले नाही.

दगड उभा केला तो ऑगस्टात, तोंड पश्चिमेला,
म्हणजे बघणाऱ्याचं पूर्वेला.
पाद्र्यांनी तेल लावलं, प्रार्थना लांबली,
कोणाचं तरी मूल रडू लागलं.
सगळे गेल्यावर ती पुढे झाली.
क्रुसाला हात लावला नाही, पानांनाही नाही.
गुडघ्यावर बसून
चाकाच्या मधोमध चाचपत राहिली,
नक्षीत लपलेलं
कर्कटकाच्या टोकाचं ते भोक,
मसुराएवढं, अर्थ नसलेलं,
जे बुजवायला वारुझान कधीच विसरत नाही
आणि या वेळी विसरला होता.

करंगळी त्यात बसली.
ती तशीच बसून राहिली,
पीठ मुरायला जेवढा वेळ लागतो तेवढा.