खबर

उलटतपासात झोपेशेठच्या वकिलांनी विचारलं,
जमीन विकल्याची खबर तुम्हाला कधी लागली?
तारीख सांगा.

यावलच्या कोर्टात पंखा एकच,
तो साहेबांच्या डोक्यावर.
माझ्या पिशवीत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात नऊ पावत्या, दर आखाजीला एक.
शेवटचीवर बोंडे आप्पांची सही,
खंडाचे अठ्ठावीस हजार, रोख, तिकीट लावून.

खरेदीखत त्याआधीच, फाल्गुनात झालेलं.
सातबाऱ्यावर झोपेशेठचं नाव चढलं आषाढात.
मधले महिने शेत कुणाचं
यावर दोन वकील तीन तारखा बोलले.
त्या महिन्यांत मी केळीला पाणी देत होतो.

चहाच्या टपरीवर माझ्या वकिलांनी पढवलं होतं,
रुबाब, एवढंच म्हणायचं, खबर नव्हती.
खबर नसताना जुन्या मालकाला दिलं
तर नव्याला पुन्हा द्यावं लागत नाही.
कायदाच आहे तसा.

खबर म्हणजे नोटीस म्हणाल, साहेब,
तर ती श्रावणात आली, पोस्टमनपाशी सही केली.
तलाठ्याचं तोंड म्हणाल, तर आषाढात.

पण होळीच्या आदल्या दिवशी
आप्पांची इंदूबाई एकटीच मळ्यात आली.
पाटात पाय धुतले,
निंबाखालचा शेंदराचा दगड
हलवून हलवून उपटला, पदरात घेतला.
म्हणाली, याले घरी नेते रे.
मी काही विचारलं नाही.
दगडाच्या जागी ओला खळगा,
त्यात मुंग्यांची पांढरी अंडी
आणि मुंग्यांची नुसती धावपळ.

आखाजीला आप्पा आले.
अवंदाचा खंड मलेच दे, म्हणाले,
घडांकडे बघत. माझ्याकडे नाही.
मी नोटा मोजल्या. त्यांनी मोजल्या,
मध्येच चुकले, पुन्हा माझ्याकडे दिल्या.
मी पुन्हा मोजल्या.

तारीख सांगा, वकील म्हणाले.

आप्पा मागच्या बाकावर,
टोपी मांडीवर उताणी.
अठ्ठावीस हजारांत दोन एकरांचं ठिबक होतं,
हा हिशोब मी पायऱ्या चढतानाच केला होता.

होळीच्या आदल्या दिवशी, मी म्हणालो.

माझ्या वकिलांनी चष्मा काढून पुसायला घेतला.
साहेबांनी विचारलं, कोणी सांगितलं?

कोणी नाही, साहेब. खळगा होता.

टायपिस्टनं मान वर केली,
खळगा लिहू?